डोलुटेग्रॅव्हिर

डोलुटेग्रॅव्हिर हे एचआयव्ही संसर्गावरील उपचारात वापरले जाणारे विषाणुरोधी औषध आहे. अमेरिकेत त्यास २०१३ साली मान्यता मिळाली.

कार्यपद्धती

एचआयव्ही प्रामुख्याने रोगप्रतिकारक संस्थेच्या सीडी४ पेशींत शिरतो. तेथे तो आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो. इंटिग्रेझ हे विषाणूचे विकर तो डीएनए पेशीच्या डीएनएला जोडते आणि पेशी नवे विषाणू निर्माण करू लागते. डोलुटेग्रॅव्हिर इंटिग्रेझमधील मॅग्नेशियमच्या आयनांशी बद्ध होऊन ही जोडणी रोखते. आधीच जोडला गेलेला डीएनए मात्र त्याने निघत नाही. म्हणून संसर्ग समूळ बरा होत नाही आणि उपचार आयुष्यभर घ्यावे लागतात.

उपचार

हे औषध बहुधा टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन यांच्यासह एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिले जाते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असल्यास डोलुटेग्रॅव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते. उपचारात खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतात. नियमित उपचारांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी झाले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही.

भारतात शासकीय केंद्रांतून मोफत एआरटी उपचारांस १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात असे केंद्र आहे.