ऊर्जेचा हिशेब : ९ – अडीच इंची पाइप

या रविवारी पारसच्या औष्णिक वीजकेंद्रात जायचं ठरलं होतं. वाघिणी, बाष्पक, चिमणी सगळं दाखवायचं कबूलही केलं होतं. पण मध्येच शिरपूरजवळच्या एका खेड्यातून नववीतल्या मुलीचं पत्र आलं, आणि ते बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमलं नाही. पारस कुठे पळून जात नाही.

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ पाठाखाली एक उदाहरण आहे. २ किलोवॅटचा पंप १० मीटर उंचीवर मिनिटाला किती पाणी चढवेल? उत्तर १२२४.५ किलोग्रॅम. हिने ते सोडवलं, उत्तर जुळलं. बहुतेक मुलं इथे वही मिटतात. ही वडिलांबरोबर विहिरीवर गेली, २०० लिटरचा ड्रम पाइपाच्या तोंडाशी लावला आणि मोबाइलवर वेळ बघितली. ड्रम भरायला ४७ सेकंद, म्हणजे मिनिटाला २५५ लिटर. दोरी सोडून उंची मोजली तर पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत ३३ फूट. पुस्तकातले १० मीटरच की! ‘सर, मग बाकीचं हजार लिटर पाणी कुठे गेलं?’

पुस्तकाचं काही चुकलेलं नाही. त्याने कार्यक्षमता शंभर टक्के धरली आहे, एवढंच. खरी गंमत हे हजार लिटर शोधण्यात आहे.

सुरुवात मोटरीच्या पाटीपासून करू. तिने पाटी उतरवून पाठवली आहे: २ एचपी, १.५ किलोवॅट. हा आकडा मोटर आपल्या दांड्यावर जी शक्ती देते तिचा असतो. तारेतून ती ओढते त्याहून जास्त. एवढ्या लहान मोटरीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर १.५ किलोवॅट द्यायला ती २ किलोवॅट ओढणार. उरलेला अर्धा किलोवॅट गेला उष्णतेत. चालू मोटरीच्या अंगावर हात ठेवला की तो सापडतो. जळालेली मोटर भरून आणली असेल आणि काम निगुतीने झालं नसेल, तर हा वाटा आणखी वाढतो. पुढे पंपाचा पंखा. तो दांड्यावरची शक्ती पाण्याला देताना निम्मी तरी घुसळण्यात घालवतो, म्हणून ५० टक्के धरू. पाण्याच्या वाट्याला आले पाऊण किलोवॅट. तेवढ्यात १० मीटरवर मिनिटाला ४५९ लिटर पाणी चढायला हवं.

ड्रम मात्र म्हणतो २५५. मोटर झाली, पंप झाला, तरी आणखी दोनशे लिटर गायब आहेत. ते पाइपाने खाल्ले. आता मी माझ्या आवडत्या विषयावर आलो आहे, तेव्हा पारसचं नाव आज पुन्हा काढू नका.

तिच्या विहिरीपासून हौदापर्यंत साठेक मीटर दोन इंची पाइप आहे. विहिरीत पाइपाच्या टोकाला फुटवॉल ही झडप, वाटेत काटकोनी एल्बो. यांतून पाणी ढकलताना घर्षणापायी जी ऊर्जा जाते, तीही उंचीच्याच भाषेत मांडता येते. इथे ती सुमारे ८ मीटर भरते. पाणी चढतं १० मीटर, पण पंपाला ते १८ मीटर चढवण्याइतके कष्ट पडतात. ४५९ ला १० ने गुणा, १८ ने भागा. आले ना २५५?

ज्यासाठी हे सगळं पाल्हाळ लावलं ते आता सांगतो. तेवढंच पाणी तेवढ्याच लांबीच्या पाइपातून न्यायचं असेल, तर घर्षणात जाणारी ऊर्जा व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाचव्या! सेकंदाला ५ लिटर पाणी आतून ५० मिलिमीटर असलेल्या १०० मीटर गुळगुळीत पाइपातून नेलं, तर सुमारे १३ मीटर जातात. तोच पाइप आतून ६३ मिलिमीटरचा घ्या, सुमारे ४ मीटर. अर्धा इंच वाढला आणि नुकसान एक तृतीयांशावर आलं. आपण दुकानात पाइप घेताना भाव मीटरवर करतो, आणि मग दोन इंचीच स्वस्त वाटतो. या मुलीच्या शेतात अडीच इंची पाइप असता तर त्याच मोटरीवर, तेवढ्याच विजेत, मिनिटाला ३३० लिटरच्या आसपास पाणी पडलं असतं. शिवाय हौदावर पाइपाचं तोंड उगाच उंच धरलेलं असतं, कारण धार दिसली पाहिजे! १० मीटरवर असा एक मीटर फुकट चढवणं परवडत नाही. तोंड खाली वळवा.

हे शोध माझे नाहीत. कमी घर्षणाच्या फुटवॉलसाठी आयएस १०८०५ हे मानक आहे. पीसीआरए ही संस्था डिझेल इंजिनांच्या काळापासून रुंद पाइप आणि चांगला फुटवॉल वापरा म्हणून सांगत आली. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा-पंढरपूरकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पथदर्शी प्रकल्पात दोन हजारांहून अधिक जुने पंप बदलले गेले. आपल्याकडे मात्र पाइपाकडे कोणी बघत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाल्यावर तर कोण कशाला बघेल? पण बिल फुकट झालं तरी लाइटचे तास वाढले नाहीत. हरभऱ्याला पाणी देताना रात्रीच्या पाळीत शेवटच्या दोन सऱ्या कोरड्या राहतात, तो हिशेब कुठल्याच बिलात येत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन एचपी आणि पाच एकरांपर्यंत पाच एचपीचा पंप मिळतो. दहावीच्या ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ पाठातला सौर घट असा धुऱ्यावर येऊन उभा राहिला, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त पाटी सौर आणि पाइप जुनाच, असं बऱ्याच ठिकाणी होतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की घर्षणात जाणारी उंची चौपट होते. म्हणजे दुपारी बाराला, ऊन सगळ्यात कडक असताना, अरुंद पाइप सगळ्यात जास्त खातो.

ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांनी एक करावं. निरभ्र दिवशी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला ड्रम भरायची वेळ घ्यावी. पाइपाचा आतला व्यास, लांबी, एल्बो किती, हेही सोबत लिहावं. आकडे बुधवारपर्यंत आले तर पारस आणखी एक आठवडा लांबेल.