गाठ पडलेलं पॉलिथिन

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटापासून थोडं पुढे गेलं की भंगाराची गोदामं लागतात. जुन्या पिशव्या धुऊन, कापून एक्स्ट्रूडरमध्ये घातल्या जातात. दुसऱ्या टोकाला गरम शेवया बाहेर पडतात, पाण्यात गार होतात आणि त्यांचा ‘दाणा’ कापला जातो. पण त्याच मशीनमध्ये विजेच्या केबलचं एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिन) आवरण गेलं, तर ते वितळतच नाही. मशीनच्या जाळीत गुठळ्या अडकतात, शेवई तुटते. खरं तर दोन्ही पॉलिथिनच!

फरक आहे गाठीचा. पॉलिथिनच्या लांबलचक साखळ्या सुतासारख्या मोकळ्या असतात. तापल्या की एकमेकींवरून घसरतात आणि माल वाहू लागतो. केबलसाठी या साखळीवर बऱ्याचदा सिलेन या सिलिकॉनयुक्त रेणूचं कलम करतात. त्यासाठी मालात मिसळलेलं पेरॉक्साइड उष्णतेने फुटतं, साखळीतला हायड्रोजन ओढून घेतं आणि त्या जागी सिलेन बसतं. पुढे केबल गरम पाण्यात किंवा वाफेत ठेवली की शेजारच्या साखळ्यांवरची सिलेनं एकमेकांत जुळतात. सरासरी दर साखळीमागे एखादी गाठ पडली, तरी मालभर जाळं पसरू लागतं. साधं एलडी (कमी घनतेचं) पॉलिथिन 110 अंशांच्या आसपास वितळतं. हे आवरण मात्र शॉर्ट सर्किटमध्ये तार काही क्षण 250 अंशांवर गेली तरी गळत नाही.

खरी कसरत वेळेची. पेरॉक्साइड जास्त झालं तर मशीनमध्येच साखळ्या परस्पर जुळतात आणि माल वाहेनासा होतो. गंमत म्हणजे हेच पेरॉक्साइड पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तोडतं. तो माल उलट पातळ होतो. माल घट्ट होतोय की पातळ, हे ओळखायला एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) मोजतात: 190 अंशांवर, 2.16 किलो वजनाखाली, बारीक छिद्रातून 10 मिनिटांत किती ग्रॅम पॉलिथिन बाहेर येतं. आकडा उतरला की समजावं, साखळ्या गुंतताहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शेणॉय, सैनी आणि नाडकर्णी यांनी 1980 च्या दशकात दाखवलं, की या एका आकड्यावरून वेगवेगळ्या वेगांना माल कसा वाहील, याचा आलेखही काढता येतो. हा आलेख थेट मोजणारं महागडं उपकरण न परवडणाऱ्या छोट्या कारखान्यासाठी हे काम मला फार मोलाचं वाटतं.

केबलच्या रंग न मिसळलेल्या एक्सएलपीई आवरणाचा तुकडा तापल्या पत्र्यावर ठेवला, तर तो काचेसारखा पारदर्शक आणि रबरासारखा लिबलिबीत होतो, पण कडा जागच्या हलत नाहीत. गार झाला की पुन्हा दुधाळ. शेजारी ठेवलेला पिशवीचा तुकडा तोवर पत्र्याला चिकटून पसरलेला असतो.