दुखतो गुडघा, सरकतो खुबा

बारा-तेरा वर्षांचा मुलगा महिनाभर गुडघा दुखतो म्हणतो. किंचित लंगडतो, चालताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. गुडघ्याचा एक्स-रे काढला तर तो अगदी स्वच्छ. मग घरचे ठरवतात, 'वाढीचं दुखणं आहे', आणि तेल चोळणं सुरू होतं.

आजार मात्र खुब्यात असू शकतो. मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा माथा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. वयात येताना मुलं झपाट्यानं वाढतात, तेव्हा हा थर कमकुवत असतो. त्यात अंगात वजन जास्त असेल तर माथा आणि मान यांची जोडणी सरकू लागते. डॉक्टरांच्या कागदावर 'एससीएफई' अशी चार अक्षरं दिसतात, ती याच आजाराची.

खुबा बिघडला आणि दुखतो गुडघा, हे पालकांना पटणं अवघड जातं. पण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या नसा समाईक आहेत. त्यामुळे मेंदूचा जागेचा अंदाज चुकतो आणि कधीकधी खुब्यात अजिबात दुखत नाही. मुलाला उताणं झोपवून पाय पोटाकडे दुमडला आणि तो आपोआप बाहेर वळला, तर संशय बळावतो. एक्स-रे दोन्ही खुब्यांचा आणि दोन बाजूंनी लागतो, कारण सुरुवातीचं सरकणं समोरून काढलेल्या फिल्ममध्ये निसटू शकतं. वाढीचं दुखणं वेगळं असतं. ते सहसा लहान वयात, दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं. सकाळी मूल पळायला मोकळं असतं, लंगडत नाही.

'आराम दिला की बसेल जागेवर' असंही ऐकू येतं. पूर्वी कंबरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून मुलांना महिनोन् महिने झोपवत असत. तरी सरकणं थांबेलच याची खात्री नसे, उलट काहींच्या सांध्यातली कूर्चाच झिजून जाई. म्हणून तो उपाय मागे पडला. हाडवैद्याकडून पाय ओढून घेणं तर त्याहून घातक. निदान झाल्या दिवसापासून मुलानं त्या पायावर भार टाकायचा नाही. शस्त्रक्रियेची तारीख परीक्षा संपेपर्यंत पुढे ढकलण्याचा हट्टही माझ्या मते सोडून द्यावा.

आता शस्त्रक्रियेबद्दल. 'ऑपरेशन करताय तर हाड पूर्ववत बसवूनच द्या', ही मागणी रास्त वाटते, पण बहुतेक मुलांत तसं करत नाहीत. माथ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. जोर लावून हाड फिरवलं तर त्या ताणल्या किंवा तुटू शकतात, आणि रक्ताविना माथा मरतो. म्हणून हाड आहे त्या जागीच ठेवून, छोट्या छेदातून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत साधारणपणे एकच स्क्रू माथ्याच्या मध्यात नेतात. पुढचं सरकणं थांबवायला तेवढं पुरतं. माथा फारच सरकला असेल तर नंतर हाड कापून त्याची दिशा सुधारता येते. सांधा उघडून माथा पुन्हा बसवण्याचीही एक शस्त्रक्रिया आहे, पण ती अनुभवी हातांचंच काम.

मूल पायावर उभं राहू शकतं का, कुबड्यांच्या आधारानं तरी, यावर बरंच काही ठरतं. अमेरिकेतल्या रँडल लोडर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 55 खुब्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना उभंही राहता येत नव्हतं त्यांच्यात 47 टक्के माथे रक्ताविना मेले, चालू शकणाऱ्यांत एकही नाही. कालपर्यंत लंगडत चालणारा मुलगा एखाद्या दिवशी पायरीवर घसरतो आणि चालू शकणाऱ्यांच्या गटातून उभं राहू न शकणाऱ्यांच्या गटात जातो. 'बघू महिनाभर' म्हणण्यातला खरा धोका तिथे आहे.

स्क्रूनं उंची खुंटते का? त्या जागची वाढ थांबते, हे खरं; पण पायाच्या एकूण लांबीत तिचा वाटा जेमतेम 15 टक्के. पाय वाढतो तो प्रामुख्यानं गुडघ्याभोवती. शिवाय या वयात वाढीची वर्षंही थोडीच उरलेली असतात, त्यामुळे फरक सहसा किरकोळ राहतो. मूल फारच लहान असेल तर वाढ चालू ठेवणारे स्क्रूही मिळतात. स्क्रू नंतर काढायलाच हवा, असंही नाही. त्रास नसेल तर तो आत राहू देतात.

हा आजार फक्त जाड मुलांचा, असं समजून मात्र कुणी निर्धास्त राहू नये. दहाच्या आतलं किंवा अंगानं सडपातळ मूल असेल तर थायरॉइड, इतर संप्रेरकं आणि मूत्रपिंडं तपासायला हवीत. अशा मुलांचा दुसरा खुबाही सरकण्याची शक्यता जास्त, म्हणून अनेक सर्जन त्याच बैठकीत तिथेही स्क्रू घालायचं सुचवतात. बाकीच्यांच्या दुसऱ्या खुब्यावर ग्रोथ प्लेट बंद होईपर्यंत ठरावीक काळानं एक्स-रे काढून लक्ष ठेवतात.