विश्लेषण : साठी ओलांडली म्हणून गळ खुंटीला टांगायचा का? वाढत्या वयात मासेमारीची हौस कशी जपावी?

गुडघे कुरकुरतात, गळाच्या नेढ्यात दोरा ओवताना डोळे ताणावे लागतात, धरणाच्या उतारावर हात आपोआप आधार शोधतो. अशा वेळी घरातून एकच सूर निघतो, ‘आता पुरे झाली मासेमारी!’ बुलढाणा जिल्ह्यात नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशा धरणांच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या ज्येष्ठांनाही हा सूर परिचयाचा असेल. पण वय वाढले म्हणून छंद सोडण्याची खरोखर गरज असते का? जगभरातल्या जुन्याजाणत्या गळवाल्यांनी, विशेषतः ‘फ्लाय फिशिंग’ करणाऱ्यांनी, यावर काय उपाय काढले आणि त्यातले आपल्याकडे काय उपयोगी पडते, याविषयी…

प्रश्न नेमका काय?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर १०० माणसांमागे जवळपास १० जण साठी ओलांडलेले होते. निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो, पण घराबाहेर पडायला निमित्त लागते. गळाची मासेमारी हे असे निमित्त आहे. पहाटे उठणे, चालणे, मोकळी हवा, सोबत्याशी चार गप्पा आणि पाण्याकडे एकटक पाहण्यातली एकाग्रता, हे सगळे तिच्यात आपसूक घडते. ती अचानक थांबली की नुसता छंद सुटत नाही, चालणे आणि माणसांत मिसळणेही सुटते.

दुसरीकडे घरच्यांची भीतीही खोटी नाही. पाण्याचा काठ निसरडा असतो आणि उतारवयातले पडणे महागात पडते. म्हणून प्रश्न ‘जायचे की नाही’ हा नसून ‘कुठे, कधी आणि कसे जायचे’ हा आहे.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने तो दूर फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटे असते. पिसे, केस आणि दोरा गळावर गुंडाळून किड्यासारखी दिसणारी ‘फ्लाय’ तयार करतात. तिला वजन जवळपास नसतेच, त्यामुळे ती एकटी फेकता येत नाही. वजन असते ते जाड दोरीत. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते. ती पूर्ण उलगडली की काठी पुढे आणायची आणि अचूक क्षणी थांबवायची. दोरी पुढे उलगडते आणि फ्लाय अलगद पाण्यावर उतरते.

यात ताकदीपेक्षा लय महत्त्वाची. दोरी मागे उलगडण्याआधीच जो घाई करतो, त्याची फेक फसते. म्हणूनच या खेळात सत्तरी ओलांडलेला जाणकार पंचविशीतल्या नवख्याला सहज मागे टाकू शकतो. भारतात काश्मीर आणि हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राउटसाठी अशी मासेमारी चालते. महाशीरही फ्लाय घेतो. आपल्या धरणांतले रोहू, कटला, मृगळ मात्र बहुतेक वेळा साध्या गळालाच लागतात. तरीही फ्लायवाल्यांची ‘जोर कमी, लय जास्त’ ही शिकवण साध्या गळालाही लागू पडते.

आपली बांबूची काठी आणि जपानची तेनकारा यांचे नाते काय?

जपानच्या डोंगरी ओढ्यांवर ‘तेनकारा’ नावाची जुनी पद्धत आहे. लांब काठी, टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीच्या शेवटी एक फ्लाय. रीळ नाही, गुंडाळणे नाही, गुंता नाही. गेल्या दीड दशकात अमेरिकेत ही पद्धत लोकप्रिय झाली. ‘पॅटागोनिया’ कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांचा जन्म १९३८ चा. त्यांनी २०१४ मध्ये, पंचाहत्तरीच्या आसपास, सोप्या फ्लाय फिशिंगवरच्या पुस्तकात सहलेखक म्हणून तेनकाराचा पुरस्कार केला.

आपल्याकडची बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि मोरपिसाच्या काडीचा तरंगा हे साहित्य तेनकाराच्या जवळचेच आहे. रिळाचा छोटा दांडा फिरवताना ज्यांची बोटे दुखतात, त्यांनी पुन्हा साध्या काठीकडे वळणे यात कमीपणा काही नाही. पल्ला कमी होतो हे खरे. पण पहाटे आणि संध्याकाळी मासा काठाजवळ चरायला येतो, तेव्हा लांब फेकण्याची गरजही उरत नाही.

वयानुसार शरीरात काय बदलते?

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. सांध्यांतली कूर्चा झिजते. खांद्याभोवतीचे स्नायुबंध लवकर दुखावतात. तोल सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे कानाचा आतला भाग, डोळे आणि तळपायाची संवेदना, मंदावते. तहान उशिरा जाणवते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. म्हणून संधिप्रकाशात काठावरचा दगड दिसत नाही.

यातले बरेचसे सरावाने लांबवता येते. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, हे व्यायाम रोज पाच-दहा मिनिटे केले तरी फरक पडतो. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०२२ साली ब्राझीलमधल्या ५१ ते ७५ वयोगटातल्या १,७०२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका पायावर १० सेकंद उभे राहू न शकणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका लक्षणीय जास्त आढळला. तोल हा एकूण तब्येतीचा आरसा आहे, एवढा बोध यातून घ्यावा. ज्याला घरात सपाट फरशीवर हे जमत नाही, त्याने धरणाच्या उतारावर जाऊ नये.

खांदा आणि मनगट कसे वाचवावे?

पहिला नियम, काठी हलकी हवी. पूर्वीच्या चिरलेल्या बांबूच्या किंवा लाकडी काठ्यांच्या तुलनेत आजची कार्बन फायबरची नऊ फुटी फ्लाय काठी साधारण १०० ग्रॅमच्या आसपास भरते. साध्या गळासाठीही हलकी, लवचीक काठी निवडावी.

दुसरा नियम, कोपर अंगालगत ठेवावे. हात डोक्यावर नेऊन फेकण्यापेक्षा बाजूने, कमरेच्या उंचीवरून फेकले तर खांद्यावर ताण कमी येतो. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर दोन्ही हातांनी धरायच्या लांब काठ्यांची परंपरा आहे. एक खांदा दुखत असेल तर दोन हातांनी फेकण्याची ही कल्पना साध्या काठीलाही चालते.

तिसरा नियम, मूठ जाड करावी. संधिवाताच्या बोटांना बारीक मूठ घट्ट आवळावी लागते आणि वेदना वाढतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा क्रिकेट बॅटची ग्रिप मुठीवर चढवली की काम भागते. बाकी वेळ काठी हातात धरण्याऐवजी जमिनीत रोवलेल्या बेचक्यावर टेकवावी. मोठा कटला लागला आणि दम लागू लागला, तर दोरा कापून त्याला जाऊ द्यावे.

चष्मा आणि बारीक गाठींचे काय?

बारीक दोऱ्याची गाठ काठावर बसून बांधण्याचा अट्टहास कशाला? घरी चांगल्या उजेडात पाच-सहा गळ दोऱ्याला बांधून, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून न्यावेत. काठावर फक्त छोट्या क्लिपमध्ये अडकवायचे. गळाच्या टोकाजवळची उलटी काटी पक्कडने दाबून टाकावी. मासा सोडणे सोपे जाते आणि गळ आपल्याच बोटात रुतला तरी सहज निघतो.

दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. त्याचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो. त्यातून पायाखालची जमीन पुसट दिसते. पायऱ्या आणि उतारावर पडण्याचे हे एक ज्ञात कारण आहे. काठावर ये-जा करताना फक्त लांबचा चष्मा वापरावा, जवळचा गळ्यात दोरीला अडकवावा. पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा पाण्यातले दगड दाखवतो आणि मासेही.

सर्वात मोठा धोका कोणता?

मासा नव्हे, काठ! जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अनवधानाने झालेल्या दुखापतींतून होणाऱ्या मृत्यूंचे ‘पडणे’ हे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि जीवघेण्या पडण्याचे प्रमाण साठीपुढच्यांत सर्वाधिक आहे.

धरणाच्या भिंतीच्या दगडी उतारावर पाण्यालगत शेवाळ असते. तिथे उतरूच नये. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तेव्हा उघडा पडलेला गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. आत तो लिबलिबीत असतो आणि गुडघ्यापर्यंत पाय रुततो. तरुण माणूस धडपडून निघतो, सत्तरीतल्याला ते जड जाते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की सांडव्याखालचे पाणी झपाट्याने वाढते. म्हणून ज्येष्ठांनी सपाट, मुरमाड, गाडीरस्त्यापासून जवळची जागा निवडावी. पाण्यापासून दोन पावले मागे, पाठ टेकणारी घडीची खुर्ची मांडावी. हातात पुरुषभर उंचीची काठी असावी. फ्लायवाले नदीत उतरताना अशीच काठी वापरतात. दोन पाय आणि एक काठी, यातले दोन कायम जमिनीवर टेकलेले असावेत. पाण्यालगत बसताना किंवा होडीत जाताना लाइफ जॅकेट घालावे.

ऊन, वीज आणि तारा

घाटाखालच्या मोताळा, मलकापूर, नांदुरा पट्ट्यात उन्हाळा घाटावरच्यापेक्षा कडक. मार्च ते जून या काळात सकाळी नऊच्या आत घरी परतावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

कार्बनची काठी वीजवाहक असते, हे अनेकांना ठाऊक नसते. धरणकाठी शेतीपंपांच्या तारा असतात. त्यांच्याखाली किंवा जवळ लांब काठी उभी करणे जिवावर बेतू शकते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते मोबाइलमध्ये असावे.

मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी काय करावे?

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, काटा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. अनवाणी किंवा चपलेवर काठावर जाऊ नये. बंद, खरबरीत तळाचे बूट घालावेत. मांगूर, शिंगट्यासारख्या माशांचे काटे हातात घुसतात. जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, सूज आली तर अंगावर काढू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर जखम बांधायला पट्टी जवळ असावी. रक्तदाबाच्या काही औषधांनी एकदम उठल्यावर चक्कर येते. तरंगा बुडाला तरी खुर्चीतून झटक्यात उठू नये!

परवानगी कुठे लागते?

राज्यातल्या बहुतेक जलाशयांचे मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. तिथले मासे हे त्या सभासदांचे पोट आहे, आपली हौस नंतर. संस्थेला विचारूनच गळ टाकावा. ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही अभयारण्ये आहेत. तिथे गळ टाकण्याचा विचारच नको. रोहू, कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात; त्या दिवसांत अंड्यांनी भरलेली मादी लागलीच तर हात ओले करून अलगद परत सोडावी.

घरच्यांची भूमिका काय असावी?

बंदीपेक्षा करार बरा. एकटे जायचे नाही, जागा आणि परतीची वेळ सांगून जायचे, फोन चार्ज केलेला आणि पाणी लागणार नाही अशा पिशवीत ठेवायचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सोबत्यालाही माहीत हवा. या चार अटी पाळल्या तर आजोबांना अडवण्याचे कारण उरत नाही. नातवंडाने सोबत जावे, जड पिशवी उचलावी, उतारावर हात द्यावा. आजोबांनी पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा आणि तरंग्याची थरथर वाचायला शिकवावे. मच्छीमार कुटुंबांतही वयस्कांनी जाळे सांधायचे आणि तरण्यांनी पाण्यात उतरायचे, ही वाटणी जुनीच आहे.

इंग्लंडच्या आयझॅक वॉल्टन यांनी गळाच्या मासेमारीवरचे आपले गाजलेले पुस्तक १६५३ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध केले आणि पुढची दोन दशके ते त्यात भर घालत राहिले. १६७६ च्या आवृत्तीत फ्लाय फिशिंगचा भाग मात्र त्यांनी स्वतः लिहिला नाही. तो लिहिला त्यांच्यापेक्षा ३७ वर्षांनी लहान असलेल्या चार्ल्स कॉटन या मित्राने. वॉल्टन नव्वदी गाठून १६८३ मध्ये वारले. उतारवयात आपल्याला न जमणारा भाग तरुण सोबत्यावर सोपवायचा आणि जमणारा आनंदाने करत राहायचा, हे त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वीच उमगले होते.