पथ्य मोडल्यावर काय करायचं?

वजन कमी करायचं ठरवलेल्या माणसाला पहिला दिवस कधीच जड जात नाही. उत्साह ताजा असतो, बूट नवे असतात, फ्रिजमध्ये काकड्या भरलेल्या असतात. खरी परीक्षा दोन-तीन आठवड्यांनी होते. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि नको नको म्हणताना केकचा तुकडा पोटात जातो. मग ‘एवीतेवी मोडलंच आहे’ म्हणून दोन सामोसे, घरी जाताना वडापाव, आणि रात्री झोपताना निश्चय: ‘आता सोमवारपासून.’ त्या केकने फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते त्यानंतरच्या काही तासांत, आणि त्या तासांचा मानसशास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षं अभ्यास करत आहेत.

मिल्कशेकनंतरचं आइस्क्रीम

१९७५ साली हर्मन आणि मॅक या अमेरिकेतल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. नंतर ‘चव कशी वाटते ते सांगा’ म्हणून सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, तेव्हा हे स्वाभाविकच. डाएट करणाऱ्यांचं मात्र उलट झालं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. पुढे जेनेट पोलिव्ही यांनी दाखवलं की खरोखर किती कॅलरी पोटात गेल्या यापेक्षा ‘आपण फार खाल्लं’ हा समज अधिक परिणाम करतो. नियम मोडला असं एकदा वाटलं, की उरलेला दिवस माणूस सोडूनच देतो.

हे चक्र तोडण्याचा प्रयत्न २००७ साली क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी केला. त्यांनी विद्यार्थिनींना आधी डोनट खायला लावला. मग त्यातल्या काहींना एवढंच सांगितलं की असं खाणं सगळ्यांकडूनच होतं, त्यासाठी स्वतःवर फार रागावू नका. नंतर सगळ्यांपुढे गोळ्या-चॉकलेटं ठेवली. एरवी खाण्याबद्दल कडक असणाऱ्या ज्या मुलींना हे दोन शब्द ऐकायला मिळाले होते, त्यांनी न ऐकलेल्या मुलींपेक्षा कमी गोड खाल्लं. स्वतःला माफ केलं तर माणूस सुटतो, अशी आपली समजूत असते. इथे तो सावरला.

करुणा म्हणजे लाड नव्हेत

‘स्वतःबद्दलची करुणा’ हे शब्द ऐकले की अनेकांना आळसाला दिलेली सूट आठवते. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली या गुणाची मोजपट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी येतात: चुकल्यावर स्वतःशी मित्रासारखं बोलणं, हे सगळ्यांचंच होतं याची जाणीव ठेवणं, आणि जे घडलं ते न फुगवता, न दडवता पाहणं. यातली तिसरी गोष्ट विसरली जाते, आणि लाड व करुणा यांतला फरक तिथेच आहे. लाडात घडलेल्या गोष्टीकडे काणाडोळा असतो. करुणेत ती स्पष्ट दिसत असते, फक्त तिच्यासाठी शिक्षा ठोठावली जात नाही.

शिक्षा नसेल तर सुधारणा कशी होणार, हा प्रश्न ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली तपासला. कठीण शब्दपरीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला. ‘तुम्ही हुशारच आहात’ असं सांगितलेल्यांनी तेवढा केला नाही. आपलं चुकलं हे मान्य करायची भीती गेली, की चुकीकडे नीट बघता येतं.

भूक ही चारित्र्याची परीक्षा नाही

स्वतःला दोष देण्याआधी शरीराची बाजूही ऐकायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, मनाने खंबीर तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालावं लागे. वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. त्यासोबत चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा आला. ते ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, स्वप्नातही त्यांना जेवण दिसू लागलं. उपासमार संपल्यावर कित्येकांची भूक भरपेट जेवूनही भागत नव्हती.

हे तरुण मुळात सडसडीत होते, त्यामुळे जास्त वजनाच्या माणसाशी त्यांची थेट तुलना होणार नाही. पण अन्न तोडलं की मन बदलतं, हे त्या प्रयोगाने पक्कं केलं. आज मात्र हातोहात फिरणाऱ्या कित्येक तक्त्यांत १२०० कॅलरींचं गणित असतं आणि ते पाळताना चिडचिड झाली तर माणूस स्वतःच्या स्वभावाला बोल लावतो.

मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली याचा आणखी एक दुवा दाखवला. पन्नास जणांनी दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार घेऊन वजन उतरवलं. वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन उतरलेलं होतं. उतरलेलं वजन परत चढू लागलं, की ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं म्हणणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं. त्याची झुंज स्वतःच्या संप्रेरकांशी चाललेली असते.

काटा काय सांगत नाही

लग्नाच्या पंगतीत जेवून दुसऱ्या सकाळी काट्यावर उभं राहावं, तर तो दीड किलो जास्त दाखवतो आणि दिवस तिथेच नासतो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. पंगतीत हजार कॅलरी जास्त गेल्या असं धरलं, तरी चरबी होते ती सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास. बाकीचं वजन मिठाने धरून ठेवलेलं पाणी, यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर आणि पोटातलं अन्न यांचं. दोन-तीन दिवस नेहमीसारखं जेवलं, की ते आपोआप उतरतं.

आपल्यासाठी तर काटा आणखीच अपुरा आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवती चरबी दडलेली असू शकते. म्हणूनच आपल्याकडे कंबरेचा घेर महत्त्वाचा मानतात: पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा.

काटा जागचा हलला नाही, तरी आत बदल होत असतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. त्यांचं वजन मात्र म्हणावं तसं उतरलंच नव्हतं. जेवल्यावरची साखर, रक्तदाब, जिने चढताना लागणारी धाप, रात्रीची झोप यांचीही नोंद ठेवली, तर केलेल्या कष्टांचा खरा हिशेब दिसतो.

सुरुवात करताना

पहिल्या महिन्यात एक किंवा दोनच बदल करावेत, आणि तेही घरच्या स्वयंपाकात बसणारे. दुपारच्या ताटात भाताची एक मूद कमी आणि उसळ एक वाटी जास्त. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. झोपेची वेळ ठरलेली. २०१० सालच्या एका छोट्या प्रयोगात दिसलं, की तेवढ्याच कॅलरी खाऊनही साडेपाच तास झोपणाऱ्यांची चरबी साडेआठ तास झोपणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी उतरली.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय घडण्यात विशेष खंड पडत नाही.

म्हणून पथ्य मोडेल तेव्हाचा बेत आधीच ठरवावा. काय खाल्लं ते विशेषणं न लावता सांगावं: ‘दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.’ ‘मी हावरट आहे’ हे वाक्य त्यात नको. मग पुढचं जेवण ठरल्या वेळी, नेहमीएवढंच घ्यावं. भरपाई म्हणून कडकडीत उपास करू नये, कारण त्या उपासाच्या पोटीच पुढचं भरमसाट खाणं येतं.

मनाचं दुखणं वेगळं ओळखा

लठ्ठपणा आणि नैराश्य एकमेकांना हात देतात. २०१० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा लठ्ठ माणसांत पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी आणि नैराश्य असलेल्यांत पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त आढळली. मनाच्या काही औषधांनी वजन वाढतं, हेही खरं. अशा वेळी औषध स्वतःहून बंद करू नये. पर्याय असतात, ते डॉक्टरांना विचारावेत. लपून खाणं, खाण्यावरचा ताबा वारंवार सुटणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणं, दिवसभर डोक्यात फक्त कॅलरी घोळणं यांतलं काही होत असेल, तर आहारतक्त्याच्या आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. ‘टेली मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं.

घरातल्यांचाही यात वाटा आहे. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात, लठ्ठ नसलेल्या ज्या लोकांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीचपट निघाली. आपल्याकडे मावशी आधी ‘केवढी सुटलीस गं!’ म्हणते आणि लगेच ताटात तिसरी पुरणपोळी वाढते. टोमणा आणि आग्रह दोन्ही प्रेमापोटीच येत असतील, पण दोन्हींनी त्या मुलीची वाट अवघड होते. दुसऱ्याच्या ताटावर आणि अंगावर बोलणं घरातल्यांना उद्यापासून थांबवता येईल. त्यासाठी तर कुणाला डाएटही करावं लागत नाही.