वर्दी खुंटीला टांगल्यावर

मैत्रिणींनो, कल्याणहून बदलापूरची लोकल पकडलीत की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी स्टेशनं एकामागून एक जातात. उल्हासनगरात रिक्षात बसताना आपण सहज म्हणतो, "कॅम्प चारला सोडा." हा 'कॅम्प' आला कुठून, याचा विचार कधी केलाय? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना उभा राहिला, तोच आपला 'ऑर्डनन्स'.

अशा या पट्ट्यात, भिंतीवर वर्दीतल्या आजोबांचा किंवा सासऱ्यांचा फोटो असलेली घरे सापडायचीच. फोटोला दसऱ्याला हार घातला जातो. पण त्या वर्दीतला माणूस कसा जगला, हे घरातल्या नातवंडांना कितपत ठाऊक असते? म्हणूनच आज तुम्हांला एका मराठी सेनानीची ओळख करून द्यायची आहे. त्यांचे नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

कोल्हापूरचा मुलगा

शंकररावांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. इंग्लंडात सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेऊन १९२६ साली ते अधिकारी झाले. तेव्हा सैन्यात हिंदी अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपली माणसं पलटण चालवू शकतील का, अशी शंका गोऱ्या साहेबांच्या मनात होती. तिचे उत्तर ब्रह्मदेशात मिळाले. १९४५ च्या जानेवारीत कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नेतृत्व तीन हिंदी अधिकाऱ्यांकडे होते : थिमय्या, सेन आणि आपले थोरात. तिघांनाही 'डी. एस. ओ.' हा मोठा शौर्यसन्मान मिळाला.

एक कप चहा

१९५३ साली कोरियातले युद्ध थांबले, पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या बावीस हजारांवर कैद्यांचे काय करायचे, हा पेच उरला. त्यांना सांभाळण्याचे नाजूक काम भारताच्या फौजेने पत्करले आणि तिचे प्रमुख होते थोरात. गोळी झाडायची नाही, कुणावर जबरदस्ती करायची नाही, आणि कैदी मात्र संतापलेले! एकदा त्यांनी आपल्या एका मेजरलाच कुंपणाआड ओढून ओलीस धरले. थोरात नि:शस्त्र आत गेले. सांगतात, की तिथे त्यांनी कैद्यांनाच सुनावले, "आमच्याकडे पाहुणा आला तर निदान चहा तरी विचारतात!" तंग वातावरण निवळले आणि मेजरसाहेब सुखरूप सुटले. या धैर्याबद्दल थोरातांना अशोकचक्र, वर्ग दोन (आताचे कीर्तिचक्र) मिळाले.

रागावलेल्या घरात एक साधं वाक्य काय करू शकतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण जनरललाही ते साधलं, याचं कौतुक वाटतं की नाही?

न ऐकलेला इशारा

आता दु:खाचा भाग. १९५७ पासून पूर्व विभागाची धुरा थोरातांकडे होती. चीन ईशान्य सीमेवर चालून येऊ शकतो, हे त्यांना दिसत होते. १९५९ साली त्यांनी संरक्षणाची सविस्तर योजना लिहून दिल्लीला पाठवली. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन, काय घडू शकेल तेही दाखवून दिले. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटले, पण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटले नाही. १९६१ च्या मे महिन्यात थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. लष्करप्रमुखपदासाठी थोरातांचे नाव घेतले जात होते, पण नेमणूक झाली जनरल थापर यांची.

दीड वर्षात चीनने हल्ला केला. अपुऱ्या कपड्यांनिशी, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी आपले जवान बर्फात लढले. किती घरांतलं कुंकू पुसलं गेलं! त्या पराभवानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले, तो जुना कागद वाचला आणि हा आपल्याला आधी का दाखवला नाही, असे विचारले. हे थोरातांनी स्वत:च लिहून ठेवले आहे.

दुसरी चाकरी आणि घर

निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. राज्य नुकतेच, १९६० साली, स्थापन झालेले. त्याचे अधिकारी ओळखीपाळखीवर नव्हे तर गुणांवर निवडले जावेत, हेच आयोगाचे काम. वर्दी नव्हती, पण देशाची चाकरी तीच.

आणि घर? त्यांचे चिरंजीव यशवंतराव रिझर्व्ह बँकेत वरच्या पदावर पोचले आणि पुढे नाबार्डचे अध्यक्ष झाले. सूनबाई उषा थोरात २००५ ते २०१० या काळात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर होत्या! सैनिकाच्या घरातली सून देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या उच्च पदावर बसली, हे वाचून आपल्यालाही बरं वाटतं, नाही का?

कोल्हापूरला राहून शंकररावांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. ते १९८६ साली प्रसिद्ध झाले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. पण त्या इशाऱ्याची हकीगत त्यांच्याबरोबर गेली नाही, कारण ती कागदावर होती.

तुमच्या घरातल्या फोटोसाठी

सगळेच काही पुस्तक लिहीत नाहीत. म्हणून हे काम आपण हाती घ्यायचं.

● दुपारचा चहा झाला की एक वही काढा. पलटण कोणती, भरती कुठे झाली, कुठे कुठे बदली झाली, ते विचारून लिहा. लढाईचं लगेच विचारू नका. आधी लंगरात काय शिजायचं ते विचारा, पुढचं आपसूक येईल.

● जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. पदके रोज घासू नका, झिजतात. कोरड्या मऊ कापडात गुंडाळून ठेवा.

● डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश एका फाइलीत ठेवा. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख पेन्शनच्या कागदात, आधार कार्डावर आणि बँकेत एकसारखी आहे ना, हे आजच पाहा. एका अक्षराच्या फरकासाठी मागे राहिलेल्या बाईला फार खेटे घालावे लागतात.

● अडलंच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठीच ते आहे.

हार वाळतो, मैत्रिणींनो. लिहिलेलं टिकतं. तेव्हा वही आजच काढा, आणि आजोबांना विचारायचं उद्यावर टाकू नका.