दंतोपचाराचा निर्णय : अनुभवाला पुराव्याची जोड

दाढ ठणकू लागली की ती उपटून टाकावी, हा उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्याने दुखणे थांबते, हे खरे. परंतु काढलेला कायमचा दात पुन्हा येत नाही. म्हणूनच दात काढावा, भरावा की केवळ लक्ष ठेवून थांबावे, हा निर्णय कशाच्या आधारे घेतला जातो, याला महत्त्व आहे.

एका समजुतीची किंमत

विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने १९१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. तोंडातील छुपा जंतुदोष शरीरातील अनेक विकारांचे मूळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे ही कल्पना अमेरिकेत व ब्रिटनमध्ये फार लोकप्रिय झाली आणि सांधेदुखीसारख्या विकारांवर उपाय म्हणून असंख्य रुग्णांचे दात काढण्यात आले. बरे झालेले काही रुग्ण प्रत्येक वैद्याला आठवत. परंतु दात न काढताही ते बरे झाले असते काय, याची तुलना क्वचितच होई. १९३८ मध्ये सेसिल व अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उपचाराने अपेक्षित लाभ होत नाही, असे त्यातून दिसून आले. तोवर गेलेले दात मात्र गेले ते गेलेच.

पुरावा म्हणजे काय?

एखाद्या उपचाराची कसोटी घेण्यासाठी रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणतीही निवड न करता पाडतात. एका गटास तो उपचार देतात, दुसऱ्यास देत नाहीत आणि मग परिणामांची तुलना करतात. अशा अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्रित तपासावेत, असा आग्रह ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रन यांनी धरला. त्यांच्या नावाने १९९३ साली सुरू झालेली संस्था हे कार्य करीत आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टविषयीच्या ७० चाचण्यांचा तिने २००३ साली आढावा घेतला, तेव्हा मुलांच्या कायमच्या दातांतील कीड अशा टूथपेस्टने सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते, असे आढळले.

काही वेळा पुरावा ‘थांबा’ असेही सांगतो. हाडात अडकलेली, परंतु कोणताही विकार नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे मार्गदर्शन ब्रिटनमध्ये २००० साली करण्यात आले. शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा इतका लाभ त्यातून सिद्ध झालेला नव्हता.

स्थानिक परिस्थितीचे भान

पुरावा कोठे व कोणत्या परिस्थितीत मिळाला, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ पासून पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यात आले आणि मुलांच्या दातांची कीड घटली. तेथील पाण्यात मुळात फ्लोराइड अल्प होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात मात्र ते प्रमाणाबाहेर आढळते. भारतीय मानकानुसार अन्य स्रोत नसल्यास ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. त्याहून अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास वाढत्या वयात दातांवर डाग पडतात व पुढे हाडांनाही अपाय होतो. अशा गावी पहिला दंतोपचार म्हणजे सुरक्षित पाणी होय.

निर्णय तिघांच्या आधारे

पुरावा दंतवैद्याची जागा घेत नाही. उपलब्ध पुरावा, दंतवैद्याचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा व परिस्थिती या तिन्हींच्या मेळातून योग्य निर्णय होतो. रुग्णानेही संकोच न बाळगता विचारावे : या उपचाराने लाभ किती? धोका कोणता? दुसरा मार्ग आहे काय? काहीच केले नाही तर काय होईल?

शिक्षकांना हे प्रश्न पालकसभेत सांगता येतील; मुलांना दिवसातून दोनदा दात घासण्याची सवय लावता येईल आणि तंबाखूची मशेरी घराबाहेर ठेवण्यास पालकांना प्रवृत्त करता येईल. ग्रामपंचायतींनी पाण्याच्या स्रोतांची फ्लोराइड तपासणी करून तिचा निष्कर्ष गावासमोर मांडावा. गावाच्या हाती असलेला पुरावा तोच होय, आणि मुलांचे दात निरोगी राखण्याचे काम तेथूनच सुरू होते.